कुळाचा रकाना

त्सागान-उसच्या सरकारी कचेरीत
सकाळी शाई गोठलेली असते.
दौत शेगडीजवळ धरून बसावं लागतं,
तेव्हा कुठं शिक्का उठतो.

त्या हिवाळ्यात वरून हुकूम आला,
प्रत्येकानं आपलं कुळ लिहावं.
सत्तरेक वर्षांपूर्वी वरूनच हुकूम आला होता
की कुळ विसरावं,
आणि लोक शहाणे,
खरंच विसरले होते.

ट्रकवाला गोम्बो म्हणाला, बोर्जिगिन.
शिंपीण दुल्मा बोर्जिगिन लिहून गेली.
दुपारच्या चहापर्यंत एकेचाळीस जण
थेट बादशहाच्या वंशातले निघाले.
त्यांतल्या दोघांना परतीचं भाडं
मीच उसनं दिलं.
(मीही तेच लिहिलं होतं. सोपं पडतं.
विचारायला येतंय कोण?)

मग तो म्हातारा.
टोपीच्या कानांवर बर्फ तसाच.
नाव?
नेरगुई.
म्हणजे, नाव नाही.
आमच्याकडे असली नावं पुष्कळ,
एनेबिश, हा नव्हे.
खुनबिश, माणूसच नव्हे.
ज्या घरात पोरं टिकत नाहीत
तिथली आई मरणाशी खोटं बोलते.
मरण दाराचं नमद उचलून विचारतं, कोण आहे आत?
नाव नाही.
बरं, म्हणतं, आणि पुढच्या तंबूकडे वळतं.
तेही शेवटी कारकूनच,
रकाना रिकामा दिसला की त्याचं काम अडतं.

"फौजेत आम्ही तिघे होतो," म्हातारा हसला,
"साहेब ओरडायचा, नाव नाही!
की तिघे एकदम, हजर."

मी कुळांची यादी पुढे सरकवली.
त्यानं ती उलटी धरली, परत दिली.
"यात नसलेलं लिहिता येतं?"
येतं.
"मग मोन्ख लिही."
मोन्ख म्हणजे कायमचा.
असं कुळ ऐकलं नाही बाबा, मी म्हटलं.

"कुळ कुठलं. थोरला भाऊ माझा.
अकरा दिवस होता.
आईनं हौसेनं नाव ठेवलं,
पुढं जन्मात ते घेतलं नाही.
फक्त एकदा, पार म्हातारी झाल्यावर,
धार काढताना वासरू मध्ये आलं
तर त्याला म्हणाली, सरक रे मोन्ख.
मी दोर धरून उभा होतो.
तिला कळलंही नाही काय बोलली ते."

शेगडीत शेणी ढासळली.
"शहात्तर झाली मला.
आता नावानं हाक मारून
कोण काय नेणार आहे माझं? लिही."

मी लिहिलं.
कसं दिसतं ते दाखव म्हणाला.
वही फिरवून समोर धरली,
त्यानं अक्षरावर बोट ठेवलं.
शाई ओली होती, शेवटचा काना फिसकटला.
पुन्हा लिहिते म्हटलं तर
"असू दे," म्हणाला, "लहान होता."

सात नातवंडं आहेत त्याला,
दोघी नाती राजधानीत, एक बँकेत.
त्यांच्या प्रत्येक कागदावर आता
अकरा दिवसांचं एक पोर
पुढं पुढं चालणार.

तो गेला. बोट कोटाला पुसलं नाही त्यानं.
दारातून पुढचा आत आला,
मी विचारायच्या आधीच म्हणाला,
बोर्जिगिन.

बस जरा, म्हटलं.
नीट आठव.
शाई गोठलीये.