पट्ट्याचं टोक

माधवनगर रोडला ओळीनं उभ्या जुन्या गाड्या.
दस्तगीर मिस्त्री बॉनेटखाली कान लावून:
"इंजिन खणखणीत. दीड टनाचं घर
खंबाटकी चढवून नेईल, सेकंड गिअरवर."

घर म्हणजे कुपवाडच्या शेडमधला आमचा ट्रेलर.
दोन बंक, एक शेगडी,
राजमतीनं आधीच शिवून ठेवलेले पडदे.
फंडाचे निम्मे पैसे त्यातच गेले.

विकणारा म्हणतो, एकच मालक, हळदीचं भाडं.
खरंच, हौद्याच्या सांध्यांत पिवळं आहे अजून.
हुक ओढून पाहिला, चेसिस ठोकून पाहिली.
धूर काळा नाही, पांढरा नाही.
मी खिशातला इसार चाचपला.

दस्तगीर काही न बोलता
सीटबेल्ट ओढत गेला, ओढत गेला,
जिथवर कुणी कधी ओढत नाही.
शेवटच्या वितीत गाळाची रेघ.

आमच्या पुढच्या खोलीत आहे, तशीच.
रंगाचे तीन हात देऊनही.

"पुढची बघू," मिस्त्री म्हणाला.
राजमती पदरानं पट्टा पुसत राहिली.
"पाणी चढताना हिला कुणी
वर नेऊन लावलं नाही होय?"

विकणारा फोनवर बोलू लागला.

गाडी घेतली नाही.
दार मात्र तिनं
आत कुणी झोपलं असावं, तसं लावलं.