परमिट

साकोलीच्या सरकारी दवाखान्यात, मंगळवारी,
बारा नंबरच्या खोलीपुढच्या बाकावर
मी अंग चोरून बसलो होतो.
कुणी ओळखीचं निघालंच तर
एक खोटं खिशात तयार:
मीटरची तक्रार आहे, पाहायला आलो.

रहांगडाले मॅडम म्हणाल्या, काम काय करता?
वायरमन. सतरा गावं, एक फिडर.
त्यांनी पेन खाली ठेवला.
"मग मी सांगेपर्यंत खांबावर चढायचं नाही."
बाकीचं सगळं त्यानंतर.

आधी आठ दिवस अर्धी. मग एक.
सकाळी, पोटात काही गेल्यावर.
मळमळेल. तोंडाला कोरड पडेल.
झोप येईल, नाहीतर उडेल.
बरं वाटायला महिनाही लागेल,
तेवढ्यात दोन-दोन घ्यायच्या नाहीत.
"आणि मनात जास्तच वाईट आलं
तर मंगळवारची वाट पाहायची नाही.
त्याच घडीला घरी सांगायचं,
इथं यायचं. रात्र असली तरी."
मी त्यांना वैशाखातली ती दुपार सांगितली नव्हती,
परमिट न घेता डीपीपाशी
मी किती वेळ उभा होतो ते.
त्या वर न बघता म्हणाल्या,
"गोळ्या बायकोजवळ ठेवा."

इंदूनं पाकीट लाखोळीच्या डाळीच्या डब्यात ठेवलं.
रोज एक काढते, हातावर ठेवते,
कृषी केंद्राच्या कॅलेंडरवर काट मारते.
कवडू वर चढतो, मी शिडी धरतो.
"पाठीत उसण भरली का दादा?"
हो, म्हटलं.
शिडी धरणाऱ्यालाही घाम येतो, हे तेव्हा कळलं.

पहिला आठवडा मळमळीत गेला.
दुसऱ्यात काही नाही.
तिसऱ्यातही काही नाही, म्हणजे तसं नाही,
एकविसाव्या दिवशी मी म्हणालो,
वरणात मीठ कमी आहे.
इंदू ताटावरून उठून आत गेली.
मला वाटलं, रागावली.

दिवाळीपर्यंत मी खांबावर परत चढलो,
वरून तलाव दिसला, बगळे दिसले,
वाटलं, आता गोळी कशाला?
धडधाकट माणसानं डाळीच्या डब्यापुढे
रोज हात पसरायचा?
कुणाला न विचारता बंद केली.

तिसऱ्या दिवशी डोळे फिरवले की
डोक्यात बारीक, कोरडा झटका.
पुन्हा. पुन्हा.
मला एकदा चारशे चाळीसनं फेकलंय
धानाच्या बांधीत, झटका मला ओळखू येतो.
पण हा कुठल्याच तारेतून येत नव्हता.

मॅडमनी ऐकून घेतलं.
"चालू लाइन तुम्ही एकदम तोडता?"
नाही. आधी परमिट घेतो, स्विच पाडतो,
टेस्टर लावतो, अर्थिंग टाकतो,
मग हात लावतो.
"मंग हे काऊन तोडली?"
आमच्या बोलीत. पहिल्यांदाच.
मला हसू आलं, त्यांना नाही.
"सोडायची आहेच. पण मी सांगेन तेव्हा,
थोडी थोडी कमी करत."

आता लग्नात मोहाची पहिली धार पुढे आली
की मी पाण्याचा ग्लास उचलतो.
कंबर धरली तरी मेडिकलवाल्याला आधी सांगतो,
ही एक गोळी चालू आहे, बघून दे.
लाज वाटते अजून. दुकानात गर्दी असली की आवाज बसतो.

परवा सोमाजी आला, दारातच घुटमळला.
"दोन गोळ्या दे ना बापा,
सून बोलतच नाही बाळंत झाल्यापासून."
म्हटलं, एका डीपीचा फ्यूज दुसऱ्याला टाकत नाही.
तिचं अंगावरचं बाळ आहे, डॉक्टर तिला वेगळं पाहील.
मंगळवारी चाल, मी येतो संगं.

आज ती आत आहे,
बाळ सोमाजीच्या मांडीवर, झोपलेलं.
समोरून रेशन दुकानवाला बिसेन आला,
मला पाहून थबकला.
"दात दुखते," म्हणाला.
दाताची खोली मागच्या इमारतीत आहे,
हे त्यालाही माहीत, मलाही.

मी सरकलो.