एकोणपन्नास

आर्मासच्या घरात पुरुष एकोणपन्नासाव्या वर्षी मरतात.
आजा बर्फात, घोड्याचा लगाम मुठीत तसाच.
बाप सरपण फोडताना; कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली,
आणि आई स्वयंपाकघरातून विचारत राहिली,
झालं का?

कारेलियातल्या त्या गावात सटवाई येत नाही,
पाळण्याखाली कुणी कोरा कागद ठेवत नाही.
तरी लिहिलेलं असतंच.
डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या आकड्याखाली
पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या. म्हणाल्या,
हे तुमच्या वडिलांचं.
मग शर्टाच्या खिशाकडे बोट केलं,
हे मात्र तुमचं.
खिशात सिगारेटचं पाकीट होतं.

घरी येऊन तो लोण्याच्या गाडग्यासमोर बसून राहिला.
गाय स्वतःची, कुरण स्वतःचं,
वेन्लानं दंड भरून येईतो घुसळलेलं.
याला वाईट कसं म्हणायचं?
आई कडाडली, लोण्यानं काय माणसं मरतात?
मग तीच गप्प झाली.

आता रोज एक पांढरी गोळी.
राईच्या भाकरीवर लिंगनबेरी,
तोंड वाकडं होईल इतकी आंबट.
सिगारेट तीनदा सुटली.
चौथ्या वेळेबद्दल वेन्ला बोलत नाही.

आज आर्मास पन्नास वर्षांचा झाला.
पहाटेच अंगणात जाऊन कुऱ्हाड उचलली.
एक घाव.
थांबून छातीतलं ऐकलं.
मग दुसरा.

खिडकीत मुलगा उभा, अकरा वर्षांचा,
डाव्या बाहीची गुंडी सोडून.
त्याचं रक्त आज तपासायचं आहे.