डेडस्टॉक

नोंदवहीत त्या पान एकशे बारावर होत्या:
सायकल, लेडीज, काळी, नग चाळीस.
वर पंखे, नादुरुस्त, नग सहा.
खाली पदवीदानाचे झगे, मरून, साटीनचे.
मी भांडारपाल. एकवीस वर्षं
वस्तू येते तेव्हा सही करतो,
मोडते तेव्हा निर्लेखन करतो,
मधल्या काळाला आमच्याकडे रकाना नाही.

फीत कापली त्या दिवशी झोपे सरांनी
एक फेरी मारली, फोटोपुरती,
पँट असूनही डाव्या हाताने
धोतराचा सोगा सावरल्यासारखं करत.
आठवड्याने कागद आला:
वापरल्यास खराब होतील,
सबब कुलूपबंद ठेवाव्यात.
ठेवल्या.

आमचं विद्यापीठ टेकडीवर.
खाली गिरणा, बहुतेक वाळूच.
गेटपासून ग्रंथालय पावणेदोन किलोमीटर,
पण एप्रिलात इथे अंतर
पाण्याच्या घोटांत मोजतात.
रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही.
मोटारसायकली तिघातिघांना घेऊन धूर सोडत चढतात,
आणि त्यांच्या मागे, स्कार्फमधून डोळे तेवढे उघडे ठेवून,
मुली चालत येतात.

त्यातली एक दुर्गी पावरा.
धडगावच्याही पलीकडची, रसायनशास्त्र, दुसरं वर्ष.
जाळीच्या खिडकीला नाक लावून म्हणाली,
सर, एक सायकल द्या.
अर्ज आण म्हटलं, आणला.
विभागप्रमुखांची शिफारस आण, आणली.
सायकल येते का?
नाही, म्हणाली. ती आल्यावर शिकीन.

या उत्तरावर कोणता नियम लावायचा
हे मला कळलं नाही.
मी कुलूप काढलं.

तीन दिवस ती पडत होती.
परीक्षा विभागाच्या उतारावर, पहाटे,
मोर आणि वॉचमन एवढेच साक्षीदार.
चौथ्या दिवशी पडली नाही,
थांबताही येईना,
सरळ कुलसचिवांच्या गुलाबांत गेली.
पाचव्या दिवशी खिडकीपुढे रांग होती.

काटे फार. पारोळ्याचा हारून पिंजारी
पंक्चरचं सामान घेऊन निंबाखाली बसला.
रोज वीस-वीस पंक्चर.
मी चिडलो तर म्हणाला,
"बाभूयले काय माहीत भो, आठे विद्यापीठ शे?"
दुपारी सीट तव्यासारखी तापायची.
पोरींनी केळीची पानं आणून झाकली,
पानं तासाभरात करपली.
मग हारूनने माझ्याकडे बघितलं
आणि मी पान एकशे बाराच्या खालच्या ओळीकडे.
आता चाळीस सीटांना साटीनचं मरून कव्हर आहे.
झग्यांपुढे मी लिहिलंय: पुनर्वापर.
कुणी विचारलं तर सांगेन,
पदवीवर बसूनच जायचं असतं पुढे.

एक खरं सांगतो, सगळं काही बदललं नाही.
मोटारसायकली आहेतच. रिक्षा आहेतच.
चढावर निम्म्याजणी उतरून ढकलतात.
फक्त उतरताना,
संध्याकाळी, ऊन गिरणेच्या वाळूत बसत असताना,
एकीची ओढणी उडते, दुसरी ओरडते,
आणि ग्रंथालयापासून गेटपर्यंत
कुणालाच पायडल मारावं लागत नाही.

मार्चअखेर तपासनीस आले.
पान एकशे बारा. चाळीस नग. दाखवा.
भांडारात पंखे होते, नादुरुस्त, सहा.
मी त्यांना गच्चीवर नेलं.
त्यांनी चष्मा पुसला, बोटाने मोजू लागले:
वसतिगृहाशी नऊ, कँटीनशी अकरा,
दोन चढावर, ढकलत,
एक भरधाव, घंटी वाजवत, बहुधा दुर्गी.
हलतात हो, म्हणाले, पुन्हा मोजावं लागेल.
पुन्हा मोजल्या. एकोणचाळीस भरल्या.
एक नग कमी, त्यांनी पेन काढलं.

चाळिसावी आमच्या पायांखालीच होती,
भांडाराच्या भिंतीला टेकलेली,
हँडलला माझा जेवणाचा डबा.
गुडघा आता पूर्वीएवढा कुरकुरत नाही.

ते काही मी सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो, लिहा साहेब,
स्थितीच्या रकान्यात लिहा:
चालू.