शिल्लक अकरा

धारूरचा घाट उतरलं की डाव्या हाताला आमची शाळा.
दोन खोल्या, एक व्हरांडा,
आणि पूर्वी खिचडीचा तांदूळ ठेवायचो ती कोठी.
तिथं आता वाचनालय.
वास अजून तांदळाचाच येतो.

श्रावणात तालुक्याहून स्कॅनर आला,
पिस्तुलासारखा, लाल उजेडाचा.
चौथीतल्या तय्यबानं तो दोन्ही हातांनी धरला
आणि दाबताना डोळेच मिटून घेतले.
टिर्र!
पडद्यावर नाव आलं, किंमत आली, पानं किती ते आलं.
"सर, ह्यानं आख्खं वाचलं?"
नाही गं, फक्त नंबर वाचला.
तिचा चेहरा उतरला.
"म्हंजे हजेरीवानीच."

लेबलांचे कागद सव्वीस, एकेकावर चोवीस.
पुस्तकं सहाशे तेरा.
हिशेब पोरांनीच केला, फळ्यावर, भांडत, खडू मोडत:
अकरा उरतात.
उरलेली मी खणात ठेवली.
दुसऱ्या दिवशी खण रिकामा.
विचारलं तर सगळा वर्ग छताकडं बघायला लागला.

मग एकेक सापडत गेलं.
सहाशे चौदा पाण्याच्या टाकीवर,
सहाशे पंधरा मुख्याध्यापकांच्या हेल्मेटला, मागच्या बाजूनं,
एक अंगणवाडीच्या वजनकाट्यावर,
एक कुंपणाच्या बोरीला, सुतळीनं बांधून.
उतरवायला गेलो, तर आधी स्कॅनर लावून बघावा वाटलं.
टिर्र.
नाव: बोर. लेखक: पाखरं.
विषय: आंबट. कप्पा: भाईर.
प्रती: मोजायच्या राहिल्या.

पुसून टाकणार होतो.
पण नोंद नसली की वस्तू हरवते,
हे वर्गात घसा फोडून मीच सांगितलेलं.

दहा सापडली. सहाशे चोवीस काही मिळेना.

दसरा झाला. ट्रक येऊन थांबले मारुतीच्या पाराशी,
भांडी चढली, सरपण चढलं, कोंबड्या चढल्या.
हंगामी वसतिगृहाच्या यादीत इंदलचं नाव होतं, मीच घातलेलं;
पण धाकटी आठ महिन्यांची,
आणि फडात आई वाकली की तिला कुणी धरायचं?
पुस्तक परत करायला आला तो.
समुद्रातल्या प्राण्यांचं, ऑक्टोपसच्या पानाला दुमड.
पुस्तक टेबलावर ठेवलं
आणि बाही वर करून मनगट पुढं केलं.

सहाशे चोवीस.

तय्यबानं स्कॅनर उचलला. या वेळी डोळे उघडे.
नाव: इंदल मोतीराम जाधव.
प्रत: एकच.
"सर, दिऊ का?"
मी खिडकीतून ट्रककडं बघत होतो.
संगणकानं विचारलं, कुणाच्या नावावर?
तिनं टाईप केलं: आईबाप.
परतीची तारीख सात दिवसांच्या पुढं सरकेना.
नियम तसा; तो मीच बसवलेला.
तिनं तीनदा प्रयत्न केला,
मग खुर्चीवरनं उठली आणि मला जागा दिली.
परवलीचा शब्द माझ्याजवळ.
मी एकशे ऐंशी लिहिलं.
बोटं लेखी परीक्षेत असावीत तशी घामेजली होती.
इंदल म्हणाला, "सर, ऑक्टोपस नेऊ का परत? धाकटीला दावतो."
तोही दिला. त्याच मुदतीवर.

आता सकाळची शाळा. पाडवा कधीच झाला.
तीन ट्रक आले, त्याचा आला नाही.
कुणी म्हणतं, कारखाना अजून चालू आहे;
कुणी म्हणतं, मुकादमानं टोळी पुढं वळवली.
संगणक उघडला की पहिली ओळ लाल:
मुदत संपली. नऊ दिवस. दंड: रुपये नऊ.
कुणाकडून घ्यायचा,
तो रकाना मोकळाच आहे.

तय्यबा रोज सर्वांच्या आधी येते, कोठी उघडते.
मुदतवाढीचं बटण तिला आता माझ्याशिवाय सापडतं.
मी हजेरी घेत असतो;
अकराव्या नावाशी येतो, थांबतो,
आणि भिंतीपलीकडून आवाज येतो,
टिर्र.