तीन विसा आणि सतरा

आमच्या जॉर्जियन भाषेत सत्याहत्तर म्हणायचं
तर तीन विसा आणि सतरा म्हणावं लागतं.
कानावर पडतात तीन, वीस, सतरा,
फळ्यावर मात्र उभे असतात दोन सात,
जुळ्या भावांसारखे.
माझी बहीण पिक्रिया त्या दोघांकडे बघत राहायची.
कुठला सात सत्तरांचा आणि कुठला नुसताच,
हे तिला सांगूनही कळायचं नाही.

मी सांगायचो. मोठ्यानं.
मग तेच, आणखी मोठ्यानं,
जणू ती बहिरी होती.

तेलावीच्या बाजारात आईचा गाळा.
तिथे एकदा वीस लारींच्या नोटेवर
पिक्रियानं एका गिऱ्हाइकाला सत्तावीस लारी परत केल्या.
गिऱ्हाईक प्रामाणिक नव्हतं.
त्या रात्रीपासून मी तिला भोपळा म्हणू लागलो
आणि गल्लीनं ते नाव उचललं.

द्राक्षरसाला कढ किती आला की
अक्रोडांचा दोरा त्यात बुडवायचा
हे ती वासावरून सांगायची, कधी चुकायची नाही.
पण हे मी तिची बाजू घ्यायला सांगत नाही.
तेही तिला येत नसतं
तरी ती भोपळा नव्हती.

हिवाळ्यात नानुली बाई घरी आल्या,
बूट दाराशी झटकले, प्रगतीपुस्तक पिशवीतच राहू दिलं.
त्यांनी एक लांबलचक नाव सांगितलं: डिस्कॅल्क्युलिया.
आईनं विचारलं, औषध?
"आजार नाही तो," बाई म्हणाल्या,
"ते अक्रोड इकडे द्या जरा."

दहा अक्रोड ओवले की एक गाठ.
दोन गाठी झाल्या की दोरा तोडायचा, तो एक वीसा.
रात्री उशिरा पिक्रियानं तीन दोरे मुठीत घेतले,
चौथा एका गाठीचा, त्याच्याखाली सात सुटे.
"हे सत्याहत्तर?"
"हे."
तिनं मूठ वरखाली केली.
"जड आहे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर
तेच दोन सात, तेच जुळे भाऊ.
एका रात्रीत काही बदलत नसतं.
परीक्षेला दोरे न्यायला परवानगी मिळावी
म्हणून बाईंनी तीन अर्ज केले.
मुख्याध्यापक म्हणाले, उद्या सगळीच पोरं अक्रोड मागतील.
"मग द्या की," बाई म्हणाल्या.
वर्षभर ते कुरकुरले, मग सही केली.
पिक्रिया काठावर पास झाली. पुढच्या वर्षी नापास. मग पुन्हा पास.

मी आता तेलावीहून मिनीबस चालवतो,
एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यानं सुटे मोजतो.
अंक माझ्या बोटांत आपोआप येतात,
त्यासाठी मी कधी काही केलं नाही.
गाळा पिक्रिया सांभाळते.
गल्ल्याशेजारी खिळ्याला अजून दोरे टांगलेले असतात,
गिऱ्हाइकं त्यांचाही भाव विचारतात.
"विकायचे नाहीत," ती सांगते
आणि रांगेला थांबवून नोटा सावकाश लावते.
एखादा पुटपुटला की मी मागून बघतो त्याच्याकडे.
मी तिला किती वेळा भोपळा म्हणालो
याचा हिशेब तिच्याकडे नाही.

काट्यांचं घड्याळ तिला अजूनही वाचता येत नाही.
म्हणून आमचं ठरलेलं आहे:
चिनाराची सावली न्हाव्याच्या पायरीला लागली
की भेटायचं, घरी बरोबर जायचं.
ढगाळ दिवशी
मी लवकर जाऊन उभा राहतो.