नोंद सतरा : जुवे

सोळा तुती मोजून झाल्या होत्या.
सांग्याची, वाळपयच्या शाळेमागची,
केप्यात पाण्याच्या टाकीला टेकलेली एक,
आणि मडगावात दंतवैद्याच्या कुंपणातली,
जिची पानं तळहाताहून मोठी, लुसलुशीत,
तोडल्यावर सहा तास ओल न सोडणारी.
तिच्यावर आमचे सर खूष होते.

सतरावी जुव्याच्या बेटावर, खाजनाच्या बांधावर,
मानशीपासून चाळीस पावलं.
पान : साडेसात सेंटिमीटर.
कडा : दातेरी. एकाच फांदीवर
एक पान अखंड, दुसरं तीन बोटांचं,
तिसऱ्याला नुसता अंगठा,
जणू कापता कापता कोणाला तरी हाक आली.
पृष्ठ : खरखरीत.
शंभर पानांचं वजन : लिहायला लाज वाटावी इतकं.

मी टेप गुंडाळली.

इनास रेबेलो मानशीच्या दारावर बसून
जाळ्यातले शेवटे सोडवत होता.
"नर का मादी?" फॉर्म पुढे धरून मी विचारलं.
तो म्हणाला, "वर्सावर."
"म्हणजे?"
"एका वर्सा फळां. एका वर्सा पिवळो पिठो."
फॉर्मवर चौकोन दोनच.
दोन्हीत खूण केली, मग एक खोडली,
मग खोडलेलीच पुन्हा गडद केली.

बांध फुटला त्या साली, तो सांगत होता,
दोन महिने नदी शेतात राहिली,
वाटणी मागायला आलेल्या भावासारखी.
माड पिवळे पडले. फणस उभ्या उभ्या वाळला.
कोरगुट तेवढा मान वर काढून उठला,
आणि हिनं एका रात्रीत सगळी पानं टाकली.
लोकांनी तोडून खुंट ठेवला, होडी बांधायला.
"मागीर?"
"मागीर दोरयेच्या गांठींतल्यान फुटली."
आणि पुन्हा जाळ्यात बोटं घातली.

फॉर्मवर खाऱ्या मातीला रकाना नव्हता.
समासात, उभ्या अक्षरांत, मी लिहिलं :
मीठ सोसते.
मग 'सोसते' खोडून 'चालते'.

बारा काड्या घेतल्या, प्रत्येकीला तीन डोळे,
ओल्या गोणपाटात, स्कूटरच्या पायाशी.
दहा मूळ धरण्याआधीच कुजल्या, हेही लिहायला हवं.
मग मिठाचं पाणी : चार, आठ, बारा.
दंतवैद्याची लाडकी चारालाच कडेनं करपली,
आठाला लवली.
जुव्याच्या उरल्या दोघींना थेट बारा दिलं.
तीन आठवडे काही नाही.
चौथ्यात, सालीवर हिरवा ठिपका,
मोहरीएवढा. दुसरीवरही.

बांधावरून दोन टोपल्या पानं आणून
रेशमाच्या अळ्यांना टाकली.
पहिल्या दिवशी त्यांनी माना वर करून वाट पाहिली.
दुसऱ्या दिवशी खाल्लं, नाइलाजानं.
कोश शेंगदाण्याएवढे.
"रेशमाला नाही," सर म्हणाले. "पण ठेवा.
जनक म्हणून."
मी संगणकात भरलं.
लिंग : मादी, प्रश्नचिन्ह. उपयोग : जनक.
प्रश्नचिन्ह यंत्रानं घेतलं नाही.

मे महिन्यात इनासचा फोन.
मानशीची पावणी यंदा दुसऱ्याच्या नावावर.
बांध रुंद करतायत, जेसीबी आलाय,
खुंटाचं मूळ निघता निघत नव्हतं म्हणे,
दोनदा साखळी तुटली.
"तुज्या लागीं आसा न्हय ती?"
आहे, म्हटलं. दोन आहेत.
"खंयची गो? फळांची काय पिठ्याची?"

शेडमध्ये उभी होते, हातात पाण्याचा कॅन.
एकीवर पान आलेलं, अखंड.
दुसरीवर अंगठ्याचं.
त्याहून जास्त
त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं.